दिव्याच्या पेटीतले तांदूळ

१

पहिल्या निवडणुकीचं नाव काढलं की लोक कसे हरखतात! सण होता म्हणे, सण. बैलांच्या शिंगांना रंग लावले, बैलबंड्यांना तोरणं बांधली, म्हाताऱ्यांना खाटेवर घालून मत द्यायला आणलं. खोटं नाही ते, मी स्वतः पाहिलं. पण त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी कोसमटोल्याच्या बायांच्या ताटात काय वाढलं गेलं, ते कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते, आणि रागानंच सांगते, कारण तो राग अजून उतरला नाही.

बावन सालचा जानेवारी संपत आला होता. मी तेव्हा गडचिरोलीला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा सुटली आणि पाहते तर ओट्यावर बुधरी बसलेली. कोसमटोल्याहून पायी आली होती, नदीकाठानं. पाणी दिलं तर प्यायली नाही.

"मास्तरीणबाई, येत्या बाजाराच्या दिवशी पंच मले जातीबाहेर काढून राह्यले," ती म्हणाली. "पोरीचं लगन जमलं व्हतं, थे बी मोडनार. तुमी मताच्या दिवशी तिथी होत्या. तुमीच सांगा, आमी काय पाप केलं?"

बुधरी कोण, ते आधी सांगते. गोंडाची विधवा, हातावर पोट, पण जीभ तलवारीसारखी. मतदारांची नावं लिहायला माणसं आली तेव्हा गावोगावच्या बाया स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हत्या. अमक्याची बायको, तमक्याची माय, एवढंच. वरून हुकूम आला की अशी नावं खोडा. देशभरात लाखो बायांची नावं अशी खोडली गेली. पहिल्या निवडणुकीची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोधून सापडायची नाही. कोसमटोल्यात मात्र बुधरी दारोदार फिरली. नवऱ्याचं नाव घेऊ नका, पण स्वतःचं तरी घ्या गं, लाज कशाची, म्हणाली. तिच्यामुळे तिथल्या गोंडांच्या बाया झाडून सगळ्या यादीत आल्या.

नागपूरच्या विधानसभेला उभा होता वारलू आत्राम, त्यांच्याच जातीचा, सातवी शिकलेला, जंगलखात्याशी भांडणारा. त्याची निशाणी दिवा. समोर गुणवंतराव मालगुजार, गावचा जमीनदार. मालगुजारी आदल्या वर्षी कायद्यानं गेली होती, पण मिशीचा पीळ काही कायद्यानं जात नाही. त्याची निशाणी होडी, आमच्याकडे लोक डोंगाच म्हणतात. तेव्हा आतासारखा शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र चिकटवलेलं. कोरी चिठ्ठी हातात घ्यायची, पडद्यामागं एकटीनं जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. बायांची खोली वेगळी, पेट्याही वेगळ्या. त्या खोलीत बोटाला शाई लावायला मीच बसले होते.

मोजणीत पुरुषांच्या खोलीतली दिव्याची पेटी गच्च भरलेली निघाली. बायांच्या खोलीतल्या पेटीत मात्र चिठ्ठ्या नावालाच. त्यांच्या चिठ्ठ्या साऱ्या डोंग्यात. वारलू मूठभर मतांनी पडला. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. संक्रांतीला बाया मालगुजाराच्या घरी वाण घ्यायला गेल्या होत्या, बुधरीच पुढं होती. तिनंच पैसे खाल्ले, तिनंच बाया विकल्या, असं पंचांनी ठरवूनही टाकलं.

मी तिला विचारलं, खरं सांग, मत कोणाला दिलंस.

"दिव्यालेच देल्लं बाई. माह्या पोरीची आन. साऱ्याइनं दिव्यालेच देल्लं."

ती खोटं बोलत नव्हती. बायांचं खोटं मला कळतं, अख्खी शाळा सांभाळते मी. मग दिव्याची मतं गेली कुठं?

२

माझा पहिला संशय त्या साहेबावर गेला. चांद्याहून आलेला मतदानाचा साहेब, नाव घेत नाही त्याचं. आदल्या दिवशी गुणवंतरावाकडं त्याचा कोंबडीचा बेत झाला होता. मनात म्हटलं, या मेल्यानंच पेट्यांवरची चित्रं बदलली. डोंग्याच्या पेटीवर दिवा चिकटवला, संध्याकाळी पुन्हा काढला. सोपं काम.

दुसऱ्या दिवशी तहसिलीत गेले. जलालुद्दीन तिथला कारकून, त्याची शकिला माझ्या वर्गात होती. पेट्या उघडणाऱ्यांत तो होता. माझा संशय ऐकून तो चिडलाच.

चित्र पेटीच्या बाहेर असतं तसं आतही असतं, तो म्हणाला. म्हणूनच तर आत लावतात, कोणी बाहेरचं बदललं तर कळावं. कोसमटोल्याच्या पेट्यांत आत जे, तेच बाहेर. बाहेरचा कागद उचकटून पुन्हा लावल्याची खूणही नाही. लाखेची मोहर धड. वारलूच्या माणसानं स्वतः डोळ्यानं पाहिलं आणि मान डोलावली. आता आणखी काय पाहिजे?

माझा साहेब निर्दोष निघाला याचंही मला वाईट वाटलं, इतका राग होता. उठायला लागले तर जलालुद्दीनचंच तोंड सुरू झालं.

"तुमच्या बायांनी तं आमाले लई ताप देल्ला, बाई. दिव्याच्या पेटीत हळदीचे तांदूळ! मुठी मुठी. फुलं, कुंकू. टेबलावर उलटली तं सारे कागद पिवळे झाले. तहसीलदारसाहेब माह्यावरच खेकसले."

मी विचारलं, आणि डोंग्याच्या पेटीत?

"एक दाना नाई. कोऱ्या करकरीत चिठ्ठ्या."

मी तशीच पुन्हा खाली बसले.

३

सांगते, तुम्हीही विचार करा. पेटीला देव समजून तांदूळ वाहिलेले मी ऐकले होते. त्या निवडणुकीत ठिकठिकाणी हे झालं. पण माणूस जिथं तांदूळ वाहील तिथंच चिठ्ठी टाकील ना? चित्रं बदलली असती तर तांदूळ आणि चिठ्ठ्या एकाच पेटीत पडल्या असत्या. बाया विकल्या गेल्या असत्या तर दिव्याला कशाला हळदकुंकू? बरं, पडद्यामागं मागाहून कोणी हात चालवला म्हणावं तर मोहर धड. म्हणजे एकाच बाईनं एका पेटीत तांदूळ टाकले आणि दुसरीत चिठ्ठी. एकीनं नाही, गावातल्या साऱ्यांनी. त्याही न चुकता.

असं आपसूक होत नाही. हे शिकवलेलं होतं.

कोणी शिकवलं? बायांनाच तेवढं शिकवलं, पुरुषांना पत्ता नाही. म्हणजे शिकवणारा असा, जो बायांत बसू शकतो. असा एकच पुरुष गावात येतो, मन्सूर कासार. बांगड्या भरायला घरोघर जातो, सगळ्या जातींच्या बाया त्याच्यापुढं मनगट धरतात. कोसमटोल्यात त्याच्याकडंही बोट दाखवणं चालूच होतं. मी त्याच्या गडचिरोलीतल्या दुकानात गेले आणि सरळ विचारलं. माझी चूकच झाली. माणूस भला होता.

मन्सूरनं हातातला बांगड्यांचा जोड खाली ठेवला. वीस गावांत आपण भाऊ म्हणून फिरतो, त्यानं सुनावलं, एका निशाणीपायी ते नातं विकू काय? मी माफी मागितली. त्याची बायको जाहिदा आतून पाणी घेऊन आली तेव्हा तो जरा निवळला आणि आठवून आठवून बोलू लागला.

संक्रांतीला गुणाबाईनं, म्हणजे मालगुजारणीनं, त्याला बोलावलं होतं. गोंडांच्या बायांना तिच्या अंगणात पहिल्यांदाच हळदीकुंकू. आजवर त्यांना मागच्या दारानं हलकंसलकं काम करायला बोलवायचे, त्या दिवशी सतरंजी टाकली होती. सगळ्यांना हिरव्या बांगड्या. पण बांगड्या नुसत्या वरकड. खरं वाण वेगळंच होतं.

"पानाचे डोंगे होते, बाई, पळसाच्या पानाचे. एकेकात मातीचा दिवा ठेवला होता. गुणाबाई पुढं बसून काई तरी शिकवून राह्यली होती. पोराइले पाढे घेतात तसं, पुन्हा पुन्हा म्हनायले लावे. मले वाटलं वसा असन एखादा. बायाइचा वसा मर्दानं आयकू नाई, म्हनून मी उठून आलो."

पानाच्या डोंग्यात दिवा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैनगंगेच्या काठावरची कुठलीही बाई हे ऐकून जागच्या जागी उभी राहील. आम्ही कार्तिकात काय करतो? दिव्याला हळदकुंकू, तांदूळ. मग तो डोंग्यात ठेवून नदीवर सोडायचा. पूजा दिव्याची, पण नेणार कोण? डोंगा. मार्कंड्याच्या घाटावर जाऊन विचारा.

आता प्रश्न एकच उरला. ही अक्कल कोणाची?

४

गुणवंतरावाची नव्हे, एवढं मला कोसमटोल्याच्या वाटेवरच कळून चुकलं. त्याला मत फिरवायचं तर तो लाठी काढेल, दारूचं पिंप फोडेल. कार्तिकात दिवे सोडताना पुरुष घाटावर नसतातच. दिव्याला आधी काय वाहायचं आणि मग काय करायचं, हे ज्याला माहीत त्याचंच हे काम. म्हणजे जिला.

गुणाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. पन्नाशीची, शांत. मला पाट दिला, तिळगूळ दिला. मी तिळगूळ हातात धरून बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं कानावर हात ठेवेल, नाहीतर नवऱ्याचं नाव पुढं करेल. तिनं सूप बाजूला केलं.

"मी कोनाले खोटं नाई सांगतलं. दिव्याची पूजा करा म्हनलं. चिठ्ठी डोंग्यात टाका म्हनलं. डोंगा दिव्याले नागपुराले नेते म्हनलं. त्याइले डोंगा कोनाचा थे ठाऊक नव्हतं, तं मी काय करू?"

मी म्हटलं, नवऱ्यानं शिकवलं ना हे तुम्हाला?

तेव्हा ती हसली. हसणं वाईट होतं. यादीवाले आले तेव्हा, ती सांगू लागली, मी दाराआड उभी होते. नाव सांगायला तोंड उघडलं होतं. हे ओसरीवरून बोलले, लिहा, गुणवंतरावाची बायको. झालं. खोडलं. गावातल्या मोलकरणी बोटाला शाई लावून आल्या आणि मी, मालगुजारीण, चुलीपुढं.

"मले एकबी मत नव्हतं, मास्तरीणबाई. मंग मी साऱ्या गावचे देल्ले. थे अजून समजतात त्याइच्या नावाच्या दमावर निवडून आले. समजू द्या."

अशी बाई मी पाहिली नव्हती. तिची कीव यावी असं तिचं दुःख होतं, आणि कानफटात द्यावी असं तिचं काम. जिनं तोंड दाबल्याचा मार स्वतः खाल्ला तिनंच दुसऱ्या बायांचं तोंड दाबलं! मी म्हटलं, तुमच्यामुळे बुधरी जातीबाहेर चालली आहे. तिच्या पोरीचं लग्न मोडतं आहे. येता का पंचांपुढं?

तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. माह्या घरची बाई पंचात जात नाई, म्हणाली. मी तिळगूळ पाटावर ठेवला आणि निघाले. वारलूनं निकालाविरुद्ध केलेल्या अर्जाला तहसीलदाराचं उत्तर त्याच दिवशी आलं होतं: प्रत्येक बाईनं आपल्या हातानं, आपल्या मर्जीनं चिठ्ठी टाकली, नियम कुठंच मोडला नाही. म्हणजे सरकारकडून काही व्हायचं नव्हतं. बुधरीला वाचवायचं तर पंचांनाच डोळ्यांनी दाखवायला हवं होतं.

५

बाजाराच्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली पंचायत बसली. नथ्थू मडावी मुखिया. पुरुष सावलीत, बाया उन्हात, हेही लिहून ठेवा. बुधरी मधोमध उभी. वारलू खाली मान घालून बसलेला; बायांनी आपल्याला दगा दिला हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

बायांना विचारून उपयोग नव्हता. त्यांनी घेतला होता वसा, आणि वसा मर्दाला सांगितला की फळ जातं, असं गुणाबाईनं बजावलेलं. म्हणून मी विचारलंच नाही. नथ्थूची परवानगी घेतली, गोठ्याला लुगड्याचा पडदा बांधला, आत रॉकेलचे दोन रिकामे डबे ठेवले. एकावर कोळशानं दिवा काढला, दुसऱ्यावर डोंगा. बायांना म्हटलं, त्या दिवशी जे केलं तेच करा, वारलूभाऊला निवडून द्यायचं आहे. हातात झाडाचं एकेक पान चिठ्ठी म्हणून दिलं. सोमारी सगळ्यांत म्हातारी, ती आधी गेली. जाताना तिनं बाजूच्या घरात शिरून तांदळाची मूठ भरून घेतली. मी सांगितलं नव्हतं. मग एकेक करून साऱ्या.

बुधरी शेवटी गेली.

मी डबे बाहेर आणले आणि नथ्थूच्या पुढ्यात उलटे केले. दिव्याच्या डब्यातून तांदूळ पडले. डोंग्याच्या डब्यातून पानं, सगळीच्या सगळी. तहसिलीतल्या टेबलावर पडलं तसंच, मी म्हटलं, विचारा जलालुद्दीनला.

नथ्थूनं एक पान उचलून पाहिलं, जणू त्याच्यावर काही लिहिलं असेल. शेवटी त्यानं सोमारीला विचारलं, डोंग्यात काऊन टाकलं गं माय, डोंगा कोनाचा?

"डोंगा कोनाचा असते?" सोमारी म्हणाली. "डोंगा नदीचा. दिव्याले नेते."

वारलू उठून उभा राहिला. त्याला कळलं होतं. पण त्याच्याआधी बुधरीला कळलं. ती त्या पानांकडं पाहत होती, आणि तिचा चेहरा पाहून मला वाटलं, हे मी कशाला सिद्ध केलं! बेइमान ठरणं एक दुःख, पण आपल्या हातानं आपलं माणूस पाडलं हे कळणं त्याहून मोठं. तिनं पदर तोंडाशी नेला. रडेल असं वाटलं. ती वारलूकडं वळली.

"तू आमाले सांगतलं काऊन नाई?"

मी गावात तीनदा आलो, वारलू म्हणाला. चावडीत सभा घेतली. डोंगा मालगुजाराचा, दिवा आपला, सगळं समजावून सांगितलं.

"मर्दाइले सांगतलं."

"त्याइले म्हनलं व्हतं ना, घरी बायाइले सांगा म्हनून."

"त्याइनं एकच सांगतलं, दिव्याले दे. कसं, कुठी, काई नाई. माह्या घरी तं मर्द बी नाई." तिचा आवाज चढला. "तुह्यासाठी मी दारोदार फिरली, बायाइची नावं लिवून घेतली. आन् तू एक डाव बी आमच्यात येऊन बसला नाई. थे मालगुजारीन आली. सतरंजी टाकून बसवलं तिनं. मंग आमी तिचं आयकलं."

वारलूनं हात जोडले. खरं बोलायला त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि खोटं बोलायला तो गुणवंतराव नव्हता. बाकीच्या पुरुषांनी जमिनीवर नजर लावली. माझं म्हणाल तर मला साऱ्यांचाच राग आला होता, त्या मालगुजारणीचा आला त्याहून जास्त.

नथ्थू खाकरला. बुधरीचा दोष नाही, असं त्यानं जाहीर केलं. मग पंचांत कुजबूज झाली, आणि तो पुन्हा बोलू लागला. दोष नाही हे खरं. पण नाव पंचात आलं, चार गावांत बोभाटा झाला. तेव्हा रीत आहे. बुधरीनं जातीला एक जेवण द्यावं, बकरा कापावा, पंचांच्या पाया पडावं, की पंच तिला आत घेतील. लग्नही होऊन जाईल.

आता बोला! निर्दोष आहे म्हणून बकरा काप! मी तोंड उघडणार होते, पण बुधरीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी बाजूला सरले. ती पंचांच्या अगदी जवळ गेली. आवाज खाली आला होता.

"मी भाईर गेलीच नाई, भाऊ," ती म्हणाली, "तं तुमी मले अंदर कोठून घेता?"

नथ्थू म्हणाला, रीत आहे बाई.

"मंग ज्याइनं खोटं नाव घेतलं त्याइनं कापावा बकरा. मी येईन जेवाले. पह्यल्या पंगतीत बसन."

सोमारी उठली आणि तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मग मंगली, मग बाकीच्या. कोणी कोणाला खुणावलं नाही. साऱ्या बाया उन्हातून उठल्या आणि बुधरीमागं वस्तीकडं चालू लागल्या. पंच मोहाखाली बसून राहिले, त्यांच्या पुढ्यात तांदूळ आणि पानं पडलेली.

बकरा पंचांनीच कापला, पुढच्या बाजाराला. वर्गणी कोणी किती दिली मला ठाऊक नाही. बुधरी पहिल्या पंगतीत बसली, आणि तिला वाढायला नथ्थू मडावी स्वतः उभा होता.